नम्रताची हार्ड डिस्क

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काही वर्षं नुसतं टाळलं — निमित्तं काय, रोज नवी सापडतात.

माझी सून नम्रता ठाण्याच्या खाडीकाठची, कोळ्यांची मुलगी. तिची आई लग्नांत धवले गायची. आई गेली आणि आवाज उरला तो एका हार्ड डिस्कवर — गाणी, आणि मधेच "थांब गो, पानी पिऊ दे." दुसरी प्रत नव्हती.

नम्रताला ऑफिसने मॅक दिला. माझा संगणक विंडोजचा. आणि हा काय वैताग, सांगा — डिस्कवरचं मॅक वाचणार, पण तिच्यावर लिहिणार मात्र नाही! म्हणून डिस्कचे दोन भाग करायचे ठरले, एक याचा, एक त्याचा. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हात नका लावू. शनिवारी मी आधी सगळं कॉपी करते, मग बघू."

हात नका लावू? मला? वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्ड सोडून संगणकावर पहिला बसला कोण? गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. बसलो. सगळं पुसलं जाईल, असं पडद्यावर स्वच्छ लिहून आलं. ते मला कळलं नाही — की वाचायचा कंटाळा केला? 'होय' दाबलं. दोन भाग झाले, अगदी नीटनेटके. दोन्ही रिकामे.

इथवर चूक होती. पुढचं चूक नव्हे.

संध्याकाळी मी म्हणालो, डिस्क उघडतच नाही. आणि वर — "परवा तू केबल तशीच ओढलीस का गं, इजेक्ट न करता?" तिने केबल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "ओढली असेल, बाबा."

मुलाने ठाण्यातलं एक दुकान सांगितलं, पुसलेलंही परत काढून देणारं. डिस्क घेऊन मीच गेलो. दुकानापर्यंत नाही — तलावपाळीवर बाकावर दोन तास बसलो, भेळ खाल्ली, ठाकुर्लीला घरी परतलो. दुकानदाराला एका मिनिटात कळलं असतं ना, काय झालंय ते! घरी सांगितलं, आशा नाही म्हणाले. डिस्कही मीच भंगारात दिली.

आता नम्रता साधा पेन ड्राइव्हसुद्धा दोनदा तपासून काढते. लेकीला सांगते, माझ्यासारखा धसमुसळेपणा करू नकोस, माझ्यामुळे आजीचा आवाज गेला. मी शेजारीच पेपर वाचत असतो. वाचत कसला — धरून असतो.

कितीदा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती विचारते, चहा हवाय का? मी हो म्हणतो. म्हणायचं असतं ते इतकंच — नम्रता, केबल तू ओढली नव्हतीस. आईचा आवाज मी पुसला, आणि परत मिळाला असता तेव्हा भिऊन बसून राहिलो. मी तुझा अपराधी आहे.