पाच चिठ्ठ्या बाद

मी कधीकाळी पोरांना लोकशाही शिकवत होतो, हे सांगायची आता मला शिसारी येते.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. चांद्याला नवंच कॉलेज निघालं होतं आणि मी तिथे राज्यशास्त्र शिकवायला होतो. नोकरी अजून कायम व्हायची होती. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता, त्यामुळे प्रदेश एकत्र येतात म्हणजे काय होतं, हे पुस्तकात शोधावं लागत नव्हतं. सिरोंच्याची पोरं आपसात तेलुगू बोलत, चांद्याची त्यांना हसत, आणि मी फळ्यावर नकाशा काढून एकात्मता समजावत असे. परराष्ट्र धोरणाच्या तासाला तर माझ्या अंगात यायचं. पंचशील! एकमेकांचा आदर, बरोबरीचं नातं! माझाच आवाज मला गोड लागायचा.

कॉलेजच्या वसतिगृहात जंगलातल्या गावांमधून आलेली पाच माडिया आदिवासी मुलं होती. त्यांची पंगत वेगळी. बाकीची पोरं आत पाटावर, ही पाच दाराजवळ जमिनीवर, आणि तीही सगळ्यांचं वाढून झाल्यावर. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. स्वयंपाक्यानं तो घालून दिला होता आणि सगळ्यांना तो सोयीचा होता. मी अधूनमधून तिथे जेवायला जाई. माझा पाट आत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

त्या वर्षी विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक ठरली. वसतिगृहाची जेवणव्यवस्था प्रतिनिधीनं बघायची होती. म्हणून त्या पाचांतला एक उभा राहिला. वर्गात सगळ्यांसमोर त्यानं सांगून टाकलं, "मी निवडून आलो तं सब्बायची पंगत एक." त्याच्या विरुद्ध वडशाच्या तांदळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. संस्थेचे अध्यक्ष त्याचे सख्खे मामा. या भाच्यानं आठवडाभर अर्ध्या वर्गाला घरून आलेले लाडू चारले, नाटकाला नेलं. मी ते पाहत होतो. दोन लाडू मलाही मिळाले आणि ते मी खाल्ले.

मतदान माझ्याच देखरेखीखाली होतं. चिठ्ठ्या मी वाटल्या. एकेकानं फळ्याच्या आड जायचं, नाव लिहायचं, चिठ्ठी घडी करून पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्या पाचांची पाळी आली तेव्हा त्यांच्यातला थोरला एकटाच उठला आणि त्यानं पाच चिठ्ठ्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. उघड्याच. पाचांवर एकच नाव, त्यांच्यातल्या उमेदवाराचं.

"हे काय?" मी विचारलं.

"आमचं मत, सर. काल सांजेले आमी पाची जण बसलो, ठरवलो. मले सांगाले पाठवलं."

"अरे, मत लपवून द्यायचं असतं."

"लपवाचं काऊन? आमच्या गावात सारे राजी होयेपर्यंत कोणी उठत नाई. मंग एक जण सांगते. लपवून बोलते त्याच्यावर कोणी भरोसा नाई करत, सर."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. माझ्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या शिल्लक होत्या. त्या पाचांच्या हातात देऊन 'एकेक जण या' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण दारात संस्थेचा कारकून उभा होता, आणि तो संध्याकाळी अध्यक्षांकडे जाऊन काय सांगेल ते मला दिसत होतं. मी घसा खाकरला. मतदानाची गुप्तता मोडली, सबब पाचही चिठ्ठ्या बाद, असं मोठ्यानं जाहीर केलं. लाडू चारून काही मोडलं नव्हतं म्हणे!

डबा उघडला. व्यापाऱ्याच्या मुलाला एकोणीस, माडिया उमेदवाराला सोळा. सिरोंच्याच्या झाडून सगळ्या पोरांनी त्याला मत दिलं होतं, चांद्याच्याही काहींनी. मी वर्षभर नकाशे काढून जे घडवू शकलो नव्हतो, ते त्या पोरांनी आपलं आपण घडवलं होतं, आणि मी ते पाच चिठ्ठ्यांबरोबर केराच्या टोपलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी तो हरलेला उमेदवार मला व्हरांड्यात भेटला. रागावलेला नव्हता, तेच जास्त वाईट.

"सर, चुकलं आमचं. पण तुमी तं शिकवणारे आहा. परत लिवा म्हणाचं होतं ना."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. असलं घाणेरडं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. तो मान हलवून निघून गेला, कारण मी शिकवत होतो ते त्याला खरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात विजयाची मेजवानी झाली, वसतिगृहातच. अध्यक्ष आले होते. त्यांनी मला बोलावून शेजारच्या पाटावर बसवलं, निवडणूक फार काटेकोर घेतलीत म्हणाले, नोकरीचं बघतो म्हणाले. मी हात जोडले. आतल्या पंगतीला जिलब्या फिरत होत्या. सहज दाराकडे नजर गेली. तोच हरलेला मुलगा वाकून माझ्या चपला उचलत होता. त्यानं त्या नीट जोडीनं भिंतीशी ठेवल्या आणि त्या जागी आपली पत्रावळ मांडली. वाढपी माझ्यासमोर येऊन थांबला होता. मी पुन्हा जिलबी घेतली.