तळ्यावरचा कोपरा

दगड नुसता चाचपला तरी तो कुठे बसेल हे याहेईला कळतं, असं जपानातल्या बिवा सरोवराकाठचे पाथरवट म्हणत. कुरोसे गडाचा तट त्यानंच रचला होता. आराखडा मात्र गडाच्या धन्याचा कारभारी मुराओका दोसान याचा. वायव्येचा कोपरा एका बुजवलेल्या तळ्यावर येत होता.

"सरकार, खाली गाळ आहे. अजून दोन पुरुष खोल जायला हवं," याहेईनं सांगून पाहिलं.

"थंडीआधी तट उभा हवा. तू दगड रच, डोकं मी चालवतो," दोसाननं त्याला उडवून लावलं.

कोपरा गाळावरच उभा राहिला.

बारा वर्षांनी गडाला वेढा पडला. दोसान आता वेढा घालणाऱ्या सरदाराच्या चाकरीत होता. आणि गडावर, एका शिपायाच्या घरी, याहेईची एकुलती लेक किसा नांदत होती.

दोसानच्या माणसांनी म्हाताऱ्या याहेईला धरून छावणीत आणलं.

"काय म्हातारबा, तळ्यावरचा कोपरा कच्चाच ना?" दोसाननं विचारलं. "भुयार तिथंच खणतो."

याहेई हसला. "तुमचं ऐकलं असतं तर कच्चा राहिला असता, सरकार. तुमची पाठ वळली आणि मी खाली देवदाराचे ओंडके ठोकले. कुदळी मोडतील तिथं."

"हट्टी गाढव!" दोसान चिडला, पण त्याला ते पटलं. भुयार पूर्वेला सुरू झालं. याहेईला मात्र त्यांनी सोडलं नाही.

मग पाऊस लागला. अकराव्या दिवशी याहेईला दिसलं, कोपऱ्याला पोट सुटलं होतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुसऱ्या दिवशी खालच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट पडली. तेराव्या दिवशी तिच्यातून गढूळ पाणी येऊ लागलं. तो तिकडे पाठ करून बसे आणि दर घटकेला मान वळवून बघे. ओरडून गडाला सावध करावं, तर आधी छावणी सावध होणार.

चौदाव्या दिवशी भरदुपारी कोपरा ढासळला. संध्याकाळपर्यंत गड पडला.

दोसान त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मला फसवलंस." पण सरदारासमोर त्यानं याहेईच्या पाठीवर थाप मारली. "हा कोपरा पडणार हे यानंच सांगितलं होतं, धनी. पूर्वेचं भुयार नुसती हूल होती!"

खोटं म्हणावं तर मान जाणार. याहेई वाकून उभा राहिला. सरदारानं रेशमी अंगरखा त्याच्या खांद्यावर घातला.

कैदी बायकांच्या रांगेत किसा होती. नवरा दगडांखाली गेलेला. तिनं दोसानचं बोलणं ऐकलं, अंगरख्याकडे पाहिलं.

"आबा, तुम्ही सांगितलंत?"

"नाही गं पोरी. मी तर…"

"मग हा अंगरखा कशाचा?"

किसानं केस उतरवले, भिक्षुणींच्या मठात राहिली. याहेई दर शरदात वाळवलेली पर्सिमनची फळं घेऊन दाराशी जाई. एक म्हातारी भिक्षुणी पुडकं घेई आणि दार लावे. सात वर्षं तो गेला. आठव्या वर्षी त्याचे पाय चालेनासे झाले.