बोलायच्या ताई

लिव्हरच्या ओपीडीत त्यांना सगळे पेशंट ‘बोलायच्या ताई’ म्हणत, पण त्या बोलत फार कमी. समोरचा गप्प राहिला की त्याही गप्प बसत. ना मोबाइलला हात, ना दाराकडे नजर. माझ्यासमोर इतका वेळ कुणी बसल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी सेलूजवळच्या वालूरचा, प्राथमिक शाळेतला शिक्षक. माझ्या पिण्याला कंटाळून बायको मुलीला घेऊन मानवतला माहेरी गेली. पुढं माझ्या पोटात पाणी झालं. परभणीचे डॉक्टर आधी मनोविकार विभागाची चिठ्ठी द्यायचे. तो विभाग दुसऱ्या इमारतीत. ‘वेड्यांच्या तिकडं’ कोण जाणार? चिठ्ठी खिशातच चुरगळायची. मग डॉक्टरांनी आपल्याच खोलीत पडदा लावून समुपदेशक ताईंचं टेबल मांडून घेतलं. रक्ताचा रिपोर्ट पाहिला की म्हणायचे, "आधी पडद्याआड जाऊन या."

पहिल्या भेटीत ताईंनी दारूचं नावच काढलं नाही. "सर, शाळा सुटल्यावर पाच ते सात काय करता?" एवढंच विचारलं. दारूच्या दुकानाची वाट मी नेमकी त्याच वेळात धरायचो. त्या म्हणाल्या, "त्या वेळात भाकरी करायला शिका." मला हसू आलं, पण शिकलो. पहिली भाकरी फुगल्याचं सांगितलं तेव्हा ताईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

मध्ये एकदा घसरलो. वर "थेंब घेतला नाही" असं सांगितलं. रिपोर्ट त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो उलटा ठेवला.

"खोटं बोलायला का होईना, आलात न. न येणाऱ्याची मला लय भीती वाटते."

मी तिथंच रडलो.

त्या रोज गंगाखेडहून रेल्वेनं येत. एका दुपारी पडद्याआड एकट्याच डबा खाताना दिसल्या. मी विचारलं, "ताई, तुमचं कोण ऐकतं?"

"मला सांगायला सगळे येतात, सर. विचारायला कोणी येत न्हाई."

मीही पुढं काही विचारलं नाही. ते आजही टोचतं.

दीड वर्ष दारूविना गेलं आणि एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दहावी पास झाली होती. दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची तारीख होती. खोलीत शिरलो तर पडदा नव्हता. टेबलावर फायली रचलेल्या. "त्यांचं कंत्राट संपलं," सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांना मुलीचं सांगितलं. ते मनापासून हसले, पण बाहेर रांग होती.

स्टँडवर शेजारी बसलेल्या मावशींना म्हणालो, "काल माझ्या मुलीचा फोन आला."

"बरं झालं बाबा," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. त्यांची गाडी लागली होती. उरलेलं सगळं मी सेलू येईपर्यंत मनातल्या मनात ताईंना सांगत राहिलो.