पिवळे पट्टे, निळा डाग आणि सलीमभाईंचा ब्रेक

अंबडच्या आमच्या गोडाऊनमध्ये आलेला माल दोन दिवसांत बाहेर जातो, किस्से मात्र आतच पडून राहतात! मी तिथली सेफ्टी ऑफिसर. काम एकच, फोर्कलिफ्ट आणि पायी चालणारी माणसं यांची गाठ पडू द्यायची नाही.

सुरुवातीला मी चालणाऱ्यांसाठी दोन पिवळे पट्टे मारून घेतले. त्यांच्या मधून चालायचं, बस्स. दुसऱ्या दिवशी बघते तर स्टोअरचे देवरेकाका हात पसरून, पावलापुढे पाऊल टेकवत, एका पट्ट्यावरून चाललेले!

“काका, हे काय?”

“तुमीच म्हणले ना मॅडम, पट्ट्यावरून चाला! लय अवघड हाय, पण जमंल!”

मग नियम केला, वळणावर हॉर्न द्यायचा. आमचे फोर्कलिफ्ट ड्रायव्हर सलीमभाई इमानदारीत हॉर्न देत. एक माणूस हलेल तर शपथ!

“मॅडम, सगळी पब्लिक रोज द्वारका चौकातल्या ट्रॅफिकच्या गोंगाटातून येते,” सलीमभाई म्हणाले. “हॉर्न आता यांना ऐकूच येत नाही!”

म्हणून गाडीला मागे निळा लाईट लावला. रिव्हर्स घेतली की आधी फरशीवर निळा ठिपका पडतो, माणूस सावध होतो. सावध झाल्या त्या सफाईच्या मंदाताई! पोछा घेऊन धावल्याच. सलीमभाईंनी गाडी जागच्या जागी थांबवली, मी धापा टाकत पोचले, तर ताई वैतागून फरशी घासतायत.

“मॅडम, कुणी सांडलंय हो हे? निघता निघत नाही!”

कोपऱ्यावर गोल आरसा लावला, येणारी गाडी दिसावी म्हणून. आठ दिवसांत तो गोडाऊनमधला सगळ्यात गर्दीचा कोपरा झाला. जो तो भांग पाडतोय! शेवटी पाण्याच्या कूलरजवळ साधा आरसा टांगला, तेव्हा रस्ता मोकळा झाला.

आणि एकदा मुंबईहून मोठे साहेब आले. कानाला मोबाईल. मी म्हटलं, “सर, पट्ट्यांच्या आतून…” त्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि थेट रॅकमागून आडवे निघाले.

कचकन ब्रेक लागला. फोर्कलिफ्टचे माल उचलायचे लोखंडी फाळ साहेबांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबले. साहेब आधी पांढरे पडले, मग लाल झाले.

“दिसत नाही? मी कोण आहे माहितीये का?”

सलीमभाईंनी शांतपणे चावी फिरवून गाडी बंद केली.

“मला माहितीये ना साहेब. गाडीला माहिती नाही!”