ओट्यावरचा नंदी

वडनेरच्या पुंडलिकराव सुतारांची एक खोड होती. एखाद्या गोष्टीची शिसारी आली की ते तिच्याकडे बघतच नसत. भुशाचे रेडिमेड दरवाजे बाजारात आले, त्यांनी तोंड फिरवलं. साडू निवडणुकीला उभा राहिला तेव्हा तर महिनाभर ते त्याच्या गल्लीने गेले नाहीत. शेत गाठायला नाल्याकडून वळसा घालायचे. बायको होती तोवर म्हणायची, "तुमचं असं हाय, नाक मुरडलं का काम झालं." पुंडलिकरावांना ते कौतुक वाटायचं.

एरवी माणूस हाडाचा कारागीर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. या दिवशी गावची लेकरं चाकावरचे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत आणतात आणि घरोघर बोजारा मागतात, म्हणजे चार पैसे नाहीतर खाऊ. वडनेरात जेवढे नंदी निघतात त्यांतले निम्मे पुंडलिकरावांच्या हातचे, आणि जे त्यांचे नाहीत ते त्यांच्या वडिलांच्या हातचे. सागवानाचा नंदी काही मरत नाही. बाप ओढतो, मग लेक ओढतो. फक्त दरवर्षी चाक ढिलं होतं, शिंगाचा रंग उडतो, कानाचा टवका जातो. म्हणून श्रावण लागला की लोक आपला नंदी आणून पुंडलिकरावांच्या ओट्यावर ठेवत. हाक मारायची नाही, नाव सांगायचं नाही, चिठ्ठी तर नाहीच. ठेवायचा आणि चालू पडायचं. कोणता नंदी कोणाच्या घरचा, हे पुंडलिकरावांना न सांगता कळायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपापला उचलून न्यायचा. पन्नास वर्षांत ओट्यावरून एक नंदी भलत्याच्या हाती गेला नव्हता.

मग या घरात सोशल मीडिया शिरला, तोही जावयाच्या पायाने.

जावई नयन हिंगणघाटचा. दुकानदारांच्या जाहिराती मोबाइलवर चालवून द्यायचा धंदा करायचा. पोरगं वाईट नव्हतं, पण बोलायला लागलं की ऐकणाऱ्याला अपचन व्हायचं. अंकिता, म्हणजे पुंडलिकरावांची एकुलती एक मुलगी, हिंगणघाटलाच शाळेत शिकवायची. तिला सुट्टी नव्हती म्हणून नयन एकटाच आला आणि ओट्यावर बसून सासऱ्याची शिकवणी घ्यायला लागला.

"मामाजी, माल चांगला असून का होते? कुठी दाखवून राह्यले, त्याच्यावर सारं हाय. फेसबुकवर बसतात म्हातारे. थे लाइक देतात, घेत काही नाईत. यूट्यूबले टाइम लागते. आपल्याले पाह्यजे इन्स्टाग्राम. पुण्या-मुंबईचे लोकं, घर सजवाले जुनं लाकूड शोधून राह्यले."

"अन् गावचे लोकं?" पुंडलिकरावांनी विचारलं. "सारे थ्या व्हॉट्सअ‍ॅपवर हायेत म्हनते अंकिता. 'आपलं वडनेर' म्हनून काहीतरी हाय."

नयन हसला. "व्हॉट्सअ‍ॅपवर का हाय मामाजी? गुड मॉर्निंग, हरवलेली बकरी, नाईतं मौतीची बातमी. तिथी धंदा होत नसते."

नयनचं सगळंच चूक नव्हतं. फक्त नंदी कोण ओढतं, एवढं एकच त्याला ठाऊक नव्हतं. जिथे गिऱ्हाईक बसलंय तिथे जायचं सोडून जिथे आपल्याला मिरवता येतं तिथे दुकान मांडायचं, या शहाणपणाला आजकाल स्ट्रॅटेजी म्हणतात. पुंडलिकरावांच्या ओठांवर हे आलं होतं, पण समोर जावई. जावयाला कोण बोलणार? त्यांनी गिळलं.

दोन दिवस शूटिंग चाललं, आणि त्या दोन दिवसांत पुंडलिकरावांना जेवण गेलं नाही. नयनने त्यांचा स्वच्छ सदरा काढायला लावून फाटकी बनियन घालायला लावली. घाम दिसेना म्हणून कपाळावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. "आभाळाकडं पाहा मामाजी, जसं का सारं संपून गेलं." पुंडलिकरावांनी पाहिलं. त्यावर रडकं गाणं चढवून वर लिहिलं, 'ही कला मरतेय, या बाबांना साथ द्या.' खाली लोकांनी हात जोडले, बदाम टाकले, 'बिचारे बाबा' म्हटलं. अमरावतीच्या पुतण्याचा फोन आला, "काका, जेवता ना बराबर? किराणा भरून देऊ का?" साठी उलटलेल्या, स्वतःच्या हाताने घर बांधलेल्या माणसाला! उष्टं कोणीतरी आपल्या ताटात वाढावं, तसं त्यांना झालं. ते उठले आणि मागच्या कोठ्यात जाऊन रंधा मारत बसले.

नयन गाडी भरत होता. दारातून त्याने आवाज दिला, "मामाजी, सात नंदी बुक झाले ना! नवे सहा घेतले. जुन्या मालाले तं जास्त मागनी हाय, ओट्यावरचा एक नेऊ ना?"

पुंडलिकरावांना त्या क्षणी त्याचं तोंडही बघवत नव्हतं. "न्या," ते मान वर न करता म्हणाले. "का न्यायचं थे न्या, पन मले सोडा."

ओट्यावर त्यांचाही एक जुना नंदी होता, नमुन्यादाखल ठेवलेला. तो नेतोय असं त्यांनी धरलं. चार पावलं चालून बघितलं असतं तर कळलं असतं. पण शिसारी आली होती ना.

पोळ्याला आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी ओट्यावरचं काम हाती घेतलं. चाकं बसवता बसवता प्रमिलाबाईंच्या नंदीची पाळी आली आणि हात थांबला. नमुन्याचा नंदी जागेवर होता. प्रमिलाबाईंचा नव्हता.

प्रमिलाबाई बाजारात वांगी-मिरच्या घेऊन बसणारी बाई. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा सुरतेला कारखान्यात. तो नंदी पुंडलिकरावांच्या वडिलांनी तिच्या नवऱ्यासाठी केलेला, मग तिच्या मुलाने ओढलेला. डाव्या शिंगावर त्या पोराच्या दुधाच्या दातांचे वण होते. दरवर्षी रंग देताना पुंडलिकराव तेवढी जागा सोडायचे. यंदा मुलगा पहिल्यांदाच आपल्या लेकीला, गुंजनला, तान्ह्या पोळ्याला घेऊन येणार होता. प्रमिलाबाईंनी हे अख्ख्या बाजाराला सांगितलं होतं.

त्यांनी अंकिताला फोन लावला. तिने शोधलं आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, "बाबा, पुन्याले एका कॅफेत हाय." व्हिडिओही पाठवला. काचेच्या टेबलावर प्रमिलाबाईंचा नंदी उभा. गळ्यात चहा-कॉफीच्या दराची पाटी, पाठीवर हात पुसायचे कागद, आणि त्या दातांचे वण असलेल्या शिंगाला कोणाचा तरी काळा चष्मा अडकवलेला. एक पोरगी त्याला चमच्याने केक भरवत होती. पुंडलिकरावांनी तेवढंच बघितलं. त्यांनी फोन पालथा घातला.

चूक कळल्यावर नयनही वरमला. त्याने त्याच रात्री कॅफेवाल्यांना गाठलं, पैसे परत देतो म्हणाला. दोन दिवसांनी तो निरोप घेऊन स्वतः आला.

"थे द्याले तयार हायेत मामाजी. पैसेबी नोको म्हनतात. सोताच्या गाडीनं वडनेरात आनून देतात. फक्त नंदी हाती देतानाचा व्हिडिओ पाह्यजे त्यायले. आजीच्या डोळ्यात पानी आलं तं बेस, म्हने."

"का म्हनलं?"

"रडली पाह्यजे, म्हने."

आता मात्र पुंडलिकरावांनी जावई-बिवई बघितलं नाही. "माह्या कपायावर पानी शिंपडलं थे शिंपडलं. आता गावच्या विधवा बाईच्या डोळ्यात शिंपडता? कोनं शिकवलं तुमाले हे? सांगा त्यायले, नाई म्हना. नंदी गेला चुलीत. आमी कोनाच्या कॅमेऱ्यापुढं आमच्या बाया रडाले उभ्या करत नाई."

नयनने दोनदा विचारलं, "एक वेळ प्रमिलाबाईले इचारून तं पाहू ना?" पुंडलिकराव कोठ्यात निघून गेले होते. त्याने कॅफेवाल्यांना नकार कळवला.

त्या दिवशी पुंडलिकरावांना कितीतरी दिवसांनी भूक लागली. एवढ्या घाणीत आपण एक गोष्ट स्वच्छ ठेवली, असं त्यांना वाटलं. गावालाही हे कळायला हवं होतं, आणि मन खातही होतंच. पोळ्याच्या आदल्या सकाळी त्यांनी अंकिताला फोन करून विचारलं, ते 'आपलं वडनेर'वर बोलायचं कसं. तिने सांगितलं, कोणतं बटण दाबून धरायचं ते. जन्मात पहिल्यांदा ते मोबाइलवर आपणहून बोलले.

"मी पुंडलिक सुतार बोलून राह्यलो. माह्या ओट्यावरून प्रमिलाबाईचा नंदी विकल्या गेला. चुकी माही हाय, मी पाह्यलं नाई. घेनारे वापस देत होते, पन बाईले कॅमेऱ्यापुढं रडवा म्हनत होते. मी नाई म्हनलं. गावाची इज्जत हाय. प्रमिलाबाईले मी नवा करून देतो. बाकीच्यायचे नंदी तयार हायेत."

नयनच्या त्या रडक्या व्हिडिओला लाखभर लोकांनी पाहिलं होतं, त्यांतला एक माणूस ओट्यापर्यंत आला नव्हता. हे बोलणं दहा मिनिटांत साऱ्या वडनेरने ऐकलं आणि तासाभरात लोक यायला लागले. शाबासकी द्यायला कोणी येतंय असं पुंडलिकरावांना वाटलं. पण लोक आले ते नंदी न्यायला. आपापला नंदी उचलायचा, उलटापालटा करून आपलाच आहे ना ते बघायचं, आणि जायचं. पूर्वी लोक न बघता न्यायचे. दुपार टळेपर्यंत ओटा रिकामा झाला.

सगळ्यांत शेवटी प्रमिलाबाई आल्या. पुंडलिकरावांनी रात्रंदिवस खपून केलेला नवा नंदी पुढे ठेवला. फार देखणा झाला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"भाऊ, थे लोकं खरंच आनून देत होते? गाडीनं?"

"हो. पन अट पाहा ना कशी नीच. म्या साफ सांगतलं—"

"मले काऊन नाई इचारलं?"

"तुमची इज्जत जाती ना बाई."

"रडल्यानं कोनती इज्जत जाते?" प्रमिलाबाई ओट्याच्या कडेला बसल्या. आवाज चढलेला नव्हता. "नंदी हाती आला असता तं मी तशीबी रडलीच असती. त्यायनं काढला असता फोटो, काढू देती. बाजारात मी धा रुपयाच्या वांग्यासाठी कोना कोनाचं आयकून घेतो, तुमाले मालूम हाय का? माह्यं नाक तुमी काऊन मुरडलं भाऊ?"

पुंडलिकरावांनी नवा नंदी त्यांच्याकडे थोडा सरकवला.

"पोरगं संध्याकाळच्या गाडीनं येऊन राह्यलं," त्या उठत म्हणाल्या. "तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गुंजन दोरी घेऊन दारात उभी राहीन. तिच्या बापाचा नंदी कुठी हाय, म्हनून इचारन. तिले का सांगू? सुतारबाबाले किळस आली, म्हनून सांगू?"