नातीच्या विज्ञानाच्या बाई

आमच्या प्रौढ वर्गात प्रत्येकाने ओळखीच्या एका व्यक्तीविषयी लिहावे असे ठरले. मी बाईंविषयी लिहीत आहे. दिवसा त्या माझ्या नातीला तिसरीत विज्ञान शिकवतात आणि चारनंतर त्याच बुटक्या बाकांवर आम्हा वयस्कांना अक्षरे शिकवतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे. हेवाही आहे, आणि तो आदरापेक्षा मोठा आहे.

पूर्वी नात प्रत्येक प्रश्न माझ्याकडे आणत असे. मी चाळीस वर्षे इस्त्रीचे दुकान चालवले. उत्तर येत नसले तरी मी ते ठामपणे देत असे. बाई उत्तर देतच नाहीत. मुलाने काही विचारले की त्याच्याशेजारी बसून म्हणतात, "तुला काय वाटतं? कसं तपासशील?" पगार घेऊन उत्तर लपवणाऱ्या या बाईंभोवती मुले घोळका करतात, आणि मी घरी रिकामा बसतो.

एके दिवशी नात म्हणाली, "आजोबा, उद्या आम्ही कोणतं कापड आधी वाळतं ते बघणार."

"त्यात बघायचं काय? पातळ सुती रुमाल. लिहून टाक."

"आधी अंदाज लिहायचा, मग बघायचं. बाई म्हणाल्यात."

"तुझ्या बाईंनी जन्मात किती कपडे हाताळलेत गं?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पोहोचलो तेव्हा मुले अजून कापडे वाळत घातलेल्या दोरीपाशीच होती. जाडसर नायलॉनचा तुकडा वाळला होता. सुती रुमाल ओलाच होता. मला पाहून नातीने मान खाली घातली.

"माझा अंदाज आजोबांचा होता," ती पुटपुटली.

बाईंनी मला चूक ठरवले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी एवढेच विचारले, "काका, कापड वाळताना तुम्ही कधी बघितलंय?"

मी आठवून पाहिले. "नाही. माझ्याकडे कपडे वाळूनच यायचे. उलट मीच त्यांवर पाणी शिंपडायचो."

"मग ते पाणी कुठे जायचं?" नातीने विचारले. महिन्याभरात तिने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. बाई काही बोलण्यापूर्वीच मी घाईने म्हणालो, "वाफ होऊन हवेत."

"आजोबा, आम्ही शोधलं असतं ना," ती म्हणाली आणि बाईंच्या बाजूला सरकली.

संध्याकाळी बाईंनी मला चिठ्ठी दिली. ती मी स्वतः वाचली. सोमवारी इस्त्री घेऊन यावे आणि कृपया काही सांगू नये, असे तीत होते.

मी गेलो. ओल्या रुमालावर इस्त्री फिरवली. बाईंनी वर थंड ताटली धरली. ताटलीखाली थेंब जमले. मुले बोटे लावून पाहू लागली. मी जीभ दाताखाली धरून उभा होतो.

"बाई, पाणी वर आलंय!" नात ओरडली. इस्त्री माझ्या हातात होती, तरी तिने हाक बाईंनाच मारली.