पाण्यात ठेवू नये

तुरटीचा खडा पाण्यात ठेवला तर त्याचं काय होतं, हे तुम्ही एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाला कधी विचारलंय का? विचारून बघा. नाशिकरोडच्या आमच्या शाळेच्या संस्थाचालकांना ते माहीत नव्हतं, आणि त्या अज्ञानापायी त्यांनी कचरू पगारे नावाच्या माणसाला चोर ठरवलं. मी ते विसरलेले नाही. हे लिहिण्यामागे दुसरं कारणही नाही.

पगारेमामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. शर्टच्या खिशात पेनाशेजारी कायम एखादा दगड, त्यामुळे खिसा लोंबलेला. बोलता बोलता तो दगड काढून ते उन्हात धरायचे. आपल्याकडच्या काळ्या कातळात पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे, पोपटी, गुलाबी स्फटिक दडलेले असतात. विहीर खणताना, सुरुंग लावताना ते वर येतात आणि बहुतेक वेळा खडीबरोबर चिरडले जातात. मामांनी मुलांना बजावून ठेवलं होतं, की निफाडला आत्याकडे जा नाहीतर पेठला आजोळी, कुठे खोदकाम दिसलं तर रिकाम्या हाताने येऊ नका. असं करत पंचवीसेक वर्षांत एक अख्खं कपाट भरलं.

प्रत्येक दगडाच्या बुडाशी मामा एक चिठ्ठी चिकटवत. गाव, कशात सापडला, आणणाऱ्याचं नाव, इयत्ता, तुकडी. स्वतःचं नाव कधीच नाही. आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली; वडील चळवळीचे, त्यामुळे पत्रकावर नाव ठळक हवं हे मला लहानपणापासून पाठ. मी मामांना म्हटलं, चिठ्ठी वर लावा, लोकांना दिसेल तरी. त्यांनी मान हलवली. "वरून दगड दिसला पाहिजे बाई. आपण नाय."

स्फटिक म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कधी कळलं नाही, मामांकडून कळलं. प्रार्थनेला तुम्ही कसे उभे राहता, असं ते विचारायचे. हातभर अंतर, पुढच्याच्या मागे नीट. तसेच दगडाच्या आत कण उभे असतात. ती रांग म्हणजे स्फटिक. मिठाचा खडा तोच, खडीसाखर तीच, तुरटी तीच, आजीच्या गळ्यातली स्फटिकाची माळही तीच, खरी असेल तर. आणि दुकानात ज्या महागड्या पेल्यांना क्रिस्टल म्हणतात त्यांत रांगच नसते. ती काच, म्हणजे सुट्टीची घंटा झाल्यावरची गर्दी. नुसती चमकते. एकदा एका शिक्षिकाबाईंनी मनगटातली स्फटिकाच्या मण्यांची माळ दाखवली, हिच्याने राग शांत होतो म्हणाल्या. मामा गंभीरपणे म्हणाले, "मग एक हेडसरांना पण आणा."

नववीत त्यांनी आम्हाला तुरटीचा स्फटिक वाढवायला शिकवलं. गरम पाण्यात तुरटी विरघळवायची, पाणी निववायचं, तळाशी आलेल्या बारीक खड्यांतला सगळ्यात नेटका निवडायचा आणि तुरटीच्या पाण्यात टांगायचा. दोरा जाड पडत होता म्हणून मामांनी माझ्या वेणीतला एक लांब केस मागितला. रोज थोडं पाणी उडून जायचं आणि खडा तेवढा वाढायचा. बरणीवर फडकं असायचं, प्रयोगशाळेचं दार कुणी आपटलं तर मामा दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. "घाई केली की भुकटी, दम धरला की खडा," हे त्यांचं वाक्य. सहामाहीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत तो खडा लिंबाएवढा झाला. आठ बाजू, धारदार कडा, आरपार स्वच्छ. मामांनी त्याच्या बुडाशी चिठ्ठी लावली, 'तुरटी. नववी अ. पाण्यात ठेवू नये.'

मी दहावीत गेले तेव्हा शाळेचा नवा हॉल बांधून झाला. उद्घाटनाला दाखवायला काही हवं होतं. मामा चार दिवस गावी गेलेले असताना संस्थेने कपाट हॉलमध्ये नेलं, चिठ्ठ्या पात्याने खरवडून काढल्या आणि वर अध्यक्षांच्या नावाची पितळी पाटी ठोकली, खाली 'अध्यक्षांचा वैयक्तिक संग्रह'. शे-दोनशे मुलांची नावं त्या दिवशी केरात गेली. नव्या छापील पट्ट्यांवर सगळ्या दगडांना एकच नाव होतं, स्फटिक. आमच्या तुरटीपुढे लिहिलं होतं, 'दुर्मिळ स्फटिक'.

समारंभानंतर अध्यक्षांना तो खडा आवडला आणि ते घरी घेऊन गेले. कुणा वास्तुसल्लागाराने सांगितलं होतं की दिवाणखान्याच्या ईशान्य कोपऱ्यात चांदीच्या भांड्यात पाणी घालून त्यात स्फटिक ठेवावा, वर गुलाबाच्या पाकळ्या सोडाव्यात, आणि पाणी रोज बदलावं. पाणी रोज बदललं गेलं. त्यामुळे काम लवकर झालं. सहाव्या दिवशी भांड्यात पाकळ्या होत्या आणि एक लांब केस. केस कामवालीचा म्हणून आधी तिला बोलणी बसली. मग मामांना बंगल्यावर बोलावलं.

आरोप असा, की खरा स्फटिक मामांनी बाहेर विकला आणि जागी नकली ठेवला. मामा म्हणाले, "नकली नाय साहेब. ती पहिल्यापासून तुरटीच हाय. चिठ्ठीवर लिहिलं होतं."

"पगारे, तुरटी न्हाव्याच्या डब्यात असते," अध्यक्ष म्हणाले, आणि जमलेले हसले. मामांनी वीस दिवस मागितले. तेवढा मोठा नाही, पण तसाच दुसरा करून दाखवतो म्हणाले. ते दिले असते तर अध्यक्षांना कबूल करावं लागलं असतं, की उद्घाटनाला पाहुण्यांसमोर आपण तुरटी मिरवली. म्हणून दिले नाहीत. माफीनाम्याचा कागद पुढे सरकवला. मामांनी त्यावर लिहिलं, 'तुरटी होती. पाण्यात ठेवू नये असे लिहिले होते,' आणि खाली सही केली. त्यांची प्रयोगशाळेची किल्ली गेली. निवृत्तीपर्यंत फाटकावर बसवलं. पाचवीची पोरं फाटकातून आत येताना एकमेकांना कोपर मारून सांगायची, हाच तो चोर. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही.

एक गोष्ट मला दहावीचा निकाल लागल्यावर कळली. पेढे द्यायला गेले तेव्हा मामांनी सहज सांगितलं, की भांड्यातला केस त्यांनी ओळखला होता. तो माझ्या वेणीतला आहे आणि शाळेत खडा वाढवला तेव्हापासून त्याच्या पोटात होता, एवढं बोलले असते तर सुटले असते. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. "तुला बोलावलं असतं त्यांनी. दहावीचं वर्ष होतं तुझं."

गेल्या वर्षी मामा गेले. संस्थेतलं कुणी आलं नाही. त्या दिवशी काही भल्या लोकांनी मला समजावलं, झालं गेलं सोडून दे, राग धरू नये. मी धरणार आहे. घाई न करता धरणार आहे, कारण दम धरणं मला मामांनीच शिकवलंय. माझे दहावीचे गुण एका माणसाच्या अब्रूवर उभे आहेत आणि ती अब्रू खाणारं नाव अजून पितळेत चकाकतंय.

म्हणून आता तुमच्याकडे एक मागणं. किराणा दुकानातून मूठभर तुरटी आणा. मामांच्या पद्धतीने खडा वाढवा, सुपारीएवढा झाला तरी चालेल. वीस दिवस पुरतील. मग आमच्या शाळेत या. शाळा ओळखणं सोपं आहे, हॉलमध्ये दगडांचं कपाट आहे आणि त्यावर एकाच माणसाचं नाव आहे. कार्यालयात जाऊन ग्लासभर कोमट पाणी मागा. अध्यक्ष अजून तेच आहेत; त्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत खडा पाण्यात सोडा आणि समोरच्या खुर्चीत बसा. तो पुरता विरघळेपर्यंत उठू नका. मग 'कचरू पगारे चोर नव्हते' एवढं लिहून त्यांची सही मागा.

आणि तो कागद कपाटाच्या खाली नाही, वर चिकटवा.